नाटकात जायचंय, पण रंगमंचावर नाही

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. "मुलगी बी.कॉम. झाली, वय २२. पुण्यात शिकताना बालनाट्य करणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरली. अभिनय करत नाही. शाळांच्या तारखा घेते, टेम्पो ठरवते, हिशोब ठेवते. आता म्हणते, हेच करणार. नटी व्हायचं म्हणाली असती तर एक वेळ समजलं असतं. नटांची उस्तवारी करण्यात कसलं आलंय करिअर? बँकेच्या परीक्षेचा क्लास लावू का?"

नमस्कार.

क्लासचं नंतर बघू. ज्याला तुम्ही उस्तवारी म्हणता, त्या कामाला माणूस मिळत नाही, हे बालरंगभूमीचं जुनं दुखणं आहे. नट मिळतात. दिग्दर्शकही मिळतात. चाळीस मुख्याध्यापकांना फोन करून त्यातल्या सहा शाळा पक्क्या करणारं आणि प्रयोगानंतर सगळ्यांची पाकिटं वेळेवर हातात ठेवणारं माणूस मात्र शोधावं लागतं.

मोठ्यांच्या नाटकात प्रेक्षक स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो. बालनाट्याचा प्रेक्षक आठ वर्षांचा. पैसे आई-बाप देतात, नाहीतर शाळा. म्हणजे नाटक एकाला आवडायला हवं आणि पटायला हवं दुसऱ्यालाच. लेखक-दिग्दर्शकाने या दुसऱ्या माणसाचा विचार करत बसू नये. केला की नाटकात उपदेश शिरतो आणि मुलं चुळबुळ करायला लागतात. तो विचार तुमच्या मुलीने करायचा. कलाकाराला आधार देणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

सांगलीकराला हे मी सांगावं, ही गंमतच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक तुमच्याच गावात केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयावर. १८५१ साली पटवर्धन गेले, आश्रय आटला, तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं आणि मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. पैसे कोण देणार, हा प्रश्न मराठी नाटकाच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

मुलांसाठीचं नाटक मात्र बरंच उशिरा उभं राहिलं. सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर'तर्फे 'मधुमंजिरी' केलं ते १९५९ साली. पुढे रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण घराघरांत पोचली. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स या बालनाट्यसंस्थेच्या पद्धतीचं नाटक पुण्यात आणलं. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. पण बर्लिनच्या ग्रिप्सला शहराच्या तिजोरीतून अनुदान मिळतं. आपण नाटकाचा घाट आणला, तिजोरी तिकडेच राहिली.

आता तुम्हाला हवा तो हिशोब. आकडे समजुतीसाठी धरलेत. शाळेत ३०० मुलं, दर मुलामागे १०० रुपये, म्हणजे ३०,००० जमा. सहा कलाकारांना प्रत्येकी २,००० प्रमाणे १२,०००, बॅकस्टेजच्या तिघांना ३,६००, टेम्पो-प्रवास ६,०००, साउंड-लाइट ४,०००. उरले ४,४००. त्यात लेखक, दिग्दर्शक, सेटची झीज आणि महिनाभराच्या तालमी, ज्यांचे पैसे सहसा कुणी धरतच नाही. आता त्याच शाळेत त्याच दिवशी दुसऱ्या तुकड्यांसाठी आणखी एक प्रयोग लावला, तर टेम्पो आणि साउंड-लाइटचा खर्च पुन्हा नाही. दुसऱ्या प्रयोगाचे १४,४०० उरतात. एका फोनवर केलेल्या या व्यवहारातून तालमीचं मानधन निघू शकतं. बी.कॉम. वाया जात नाही ते असं.

अंधारी बाजूही ऐका. पैसा बऱ्याचदा प्रयोगांपेक्षा उन्हाळी शिबिरांतून येतो, परीक्षांच्या दिवसांत शाळा दारातही उभं करत नाहीत आणि नाटकवाल्यांना "घरचंच काम" म्हणून फुकट राबवून घ्यायची सवय असते. म्हणून तिच्यासाठी माझी अट एकच: ग्रुपकडून दरमहा ठरलेली रक्कम, थोडी का होईना, पण लेखी. जिला स्वतःचं मानधन मागता येत नाही, ती कलाकारांसाठी काय मागणार? शिवाय अर्धा दिवस एखाद्या सीएकडे काम धरावं. घरभाडं निघेल आणि हिशोबावरचा हात बसेल.

शिकायचं तर इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून या संस्थांनी मिळून नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापनासाठी 'स्मार्ट' नावाचा कार्यक्रम उभा केलाय, त्याच्या तुकडीची चौकशी करावी. बंगळुरूच्या रंगशंकरा या नाट्यगृहाचा मुलांच्या नाटकांचा 'आहा!' उपक्रम जवळून पाहावा. ग्रुपमधल्या कुणाला मुलांसोबत वर्गात काम करायचं असेल, तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा आगरतळ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, पण आधीच्या पाच वर्षांच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. नटमंडळी असले अर्ज शेवटच्या रात्री भरतात, नाहीतर भरतच नाहीत. तिने भरून घ्यावेत.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका हिशोबी, बोलक्या मुलाला मी हट्टाने अभिनयाच्या कोर्सला पाठवलं होतं. नाटक म्हणजे रंगमंच, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. तो आता नाटकात नाही. त्याला पुस्तकी उत्तर दिलं, ही टोचणी अजून आहे.

बँकेचं म्हणाल, तर क्लार्कच्या परीक्षेला २८ आणि पीओच्या, म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेला ३० वर्षांपर्यंत बसता येतं. दोन वर्षं दिलीत तर ते दार बंद होत नाही. मात्र त्या दोन वर्षांत दर महिन्याला "काय ठरलं मग?" असं विचारू नका.

आणि क्लासची फी भरण्याआधी तिच्याकडून गेल्या तीन प्रयोगांचा जमाखर्च मागवून घ्या. कुणाला किती दिले, स्वतःला किती घेतले, पुढच्या तारखा कुठल्या. त्याची एक प्रत मलाही पाठवा. स्वतःच्या नावापुढे तिने शून्य लिहिलं असेल, तर मी आधी तिच्याशी बोलेन, मग तुमच्याशी.