वडिलांच्या झोपेच्या गोळ्या आम्ही लपवून ठेवल्या आहेत. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करावे का?

आपले वडील नऊ वर्षे रोज रात्री अल्प्राझोलम घेत होते, चार दिवसांपूर्वी आपण गोळ्या लपवल्या आणि आता त्यांचे हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्याला डोळा लागत नाही, असे आपण लिहिले आहे. केंद्राचा विचार नंतर करता येईल. आजच त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि आकडी (फिट) आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर वेळ न दवडता रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. ही गोळी मेंदूतील उत्तेजना दाबून धरते; मेंदू हळूहळू त्या दाबाला सरावतो, आणि तो दाब अचानक निघाला की उत्तेजना उसळून येते. आपण ज्याला हट्ट आणि नाटक म्हटले आहे ते बहुधा हेच असावे.

हे मी अधिकाराने नव्हे, अनुभवाने लिहीत आहे. पत्नीच्या आजारपणात डॉक्टरांनी मला हीच गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती; मी ती पाच वर्षे घेतली. २०१४ पासून ही औषधे सरकारी औषध नियमांच्या एच-१ या अनुसूचीत आहेत, म्हणजे विक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र घडीवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली तीच चिठ्ठी पाहून, पुढे पुढे तर न पाहताच, पाकीट काढून देई. दोष अर्थात माझाही होता.

मीही एकदा एकदम सोडण्याचा पराक्रम केला. तिसऱ्या रात्री नळाच्या थेंबाचा आवाजही सहन होईना. पुढे डॉक्टरांनी अधिक काळ टिकणाऱ्या गोळीवर आणून मात्रा सात महिन्यांत उतरवली. शेवटी शेवटी मी दाढीच्या पात्याने गोळीचे चार तुकडे करून काड्यापेटीत ठेवीत असे. एखादा तुकडा जमिनीवर पडला की टॉर्च घेऊन शोधत बसे, आणि त्या शोधण्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटली.

केंद्राविषयी माझे मत असे की, ते मुळातच वाईट नाही, पण जिथे मनोविकारतज्ज्ञ नाहीत आणि पहिल्याच दिवशी सगळी औषधे काढून घेतली जातात, तिथे वडिलांना ठेवू नये. शिवाय गोळी सुरू का झाली, हेही डॉक्टरांना विचारात घेऊ द्यावे. माझ्या बाबतीत झोपेच्या तक्रारीखाली चिंतारोग दडलेला होता आणि त्याच्यावरील वेगळे औषध व समुपदेशन सुरू झाल्यावरच मात्रा उतरू लागली. त्या दुसऱ्या औषधालाही 'सवय लागेल' म्हणून घरच्यांनी विरोध केला होता. सरसकट सगळ्याच मानसोपचाराच्या गोळ्या अशा सवयीच्या नसतात.

जाताना लपवलेली सर्व पाकिटे, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसह, पिशवीत घालून न्यावीत. वडील मद्य घेत असतील तर तेही स्पष्ट सांगावे, त्यांच्यासमोर संकोच वाटला तर त्यांना बाहेर बसवून. गावात तज्ज्ञ नसतील तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या) क्रमांकावर मराठीतून बोलून पुढे कुठे जावे ते विचारता येते.