ब्लडहाउंड आला, आली की आलं?

पुसदकडच्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारे भाऊ गेम खेळता खेळता वऱ्हाडीत बोलून व्हिडिओ टाकतात. ॲपेक्स लेजंड्समधलं ब्लडहाउंड हे पात्र ना पुरुष ना बाई, इंग्रजीत त्याच्यासाठी 'दे' (they) हे सर्वनाम वापरतात; मग मराठीत 'तो' म्हणू, 'ती' म्हणू की 'ते'? शिवाय, अशा सगळ्या पात्रांना सरसकट 'तृतीयपंथी' म्हटलं तर चालते काय? आणि स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये त्यांच्या पुरुष शेतकऱ्याचं ॲलेक्स नावाच्या पोराशी लग्न लागलं आहे, तर ॲलेक्सला काय म्हणायचं?

मधल्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही चालत. 'तृतीयपंथी' हा शब्द मराठीत मुख्यतः किन्नर समाजासाठी रुळला आहे. 'टेल मी व्हाय' या २०२० च्या गेमचा नायक टायलर ट्रान्स पुरुष आहे. जन्मल्यावर त्याला मुलगी ठरवलं गेलं, पण तो पुरुष आहे. त्याला तिसरीकडे बसवायचं कारण नाही, साधं 'तो' म्हणायचं. ओव्हरवॉचमधली ट्रेसर बाई आणि तिची प्रेयसीही बाईच आहे, म्हणून ट्रेसर समलिंगी. हा शब्द बाई-माणूस दोघांनाही लागतो. 'उभयलिंगी'चं मात्र जमत नाही. हेडीस या गेममधला झॅग्रियस मेगेरा या बाईच्याही प्रेमात पडू शकतो आणि थॅनटॉस या पुरुषाच्याही. त्याला उभयलिंगी म्हटलं की शाळेत विज्ञान शिकलेल्या पोट्ट्याला आधी गांडूळ आठवते, कारण पुस्तकात उभयलिंगी म्हणून तेच भेटलेलं असते. तिथं सरळ 'बायसेक्शुअल' म्हणा, लोकांना कळते. खेळात हरलेल्या गड्याला माइकवरून 'बायल्या' किंवा 'छक्का' म्हणायची जी रीत पडली आहे, ती तुमच्या व्हिडिओत नाही हे मी पाहिलं. बरं वाटलं.

आता ब्लडहाउंड. पुण्यामुंबईकडचे काही जण सुचवतात की मराठीत नपुंसकलिंग आयतं आहे, 'ते आलं' म्हणा. कागदावर सुटसुटीत दिसते. पण मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावलं की मराठीत एकतर लाड होतो नाहीतर अपमान: कार्टं, येडं, ध्यान. मुखवटा घालून शिकारीचा माग काढणाऱ्या पात्राला 'ते पाय, आलं' म्हटलं तर अंगणात रांगत आलेलं लेकरू वाटते. आपल्याकडे आणखी एक फजिती आहे. वऱ्हाडीत 'ती'चा उच्चार पुष्कळ गावांत 'ते' किंवा 'थे' होतो. 'थे आली' म्हणजे ती बाई आली. पुण्याच्या कानाला जे नपुंसकलिंगी, ते तुमच्या कानाला स्त्रीलिंगी.

'हे पात्र' म्हणून वेळ मारून नेता येते, कारण पात्र हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. पण दर वाक्यात 'पात्र पळते, पात्र लपते' केलं तर कॉमेंट्री परीक्षेच्या उत्तरासारखी लागेल.

माझा कौल आदरार्थी अनेकवचनाला आहे, सर्वनाम शक्य तिथं गाळून. त्यांनी, त्यांना, त्यांचा ही रूपं तिन्ही लिंगांत एकच आहेत. वऱ्हाडीत त्यायनं, त्यायले. वर्तमानकाळ आणि भविष्यकाळही साथ देतात: 'ब्लडहाउंड पळतात', 'ब्लडहाउंड येतील' यात बाई की माणूस ते कळतच नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद धरा. 'ब्लडहाउंडनं माग काढला, गोळी झाडली, पेटी उघडली' इथं क्रियापद माग, गोळी, पेटी यांच्या मागं जाते, करणाऱ्याकडे पाहतही नाही. 'म्हणाले'च्या जागी 'म्हटलं' घ्या. अडतं ते फक्त आले-गेले-पडले-मेले इथं. तिथं 'ब्लडहाउंडनं एन्ट्री मारली', 'ब्लडहाउंडचा गेम झाला' म्हणा, जे तुम्ही तसंही म्हणताच. ब्लडहाउंडची बोलण्याची तऱ्हा जुनी, मानपानाची आहे, त्यामुळं अनेकवचन शोभतेही.

ब्लडहाउंडचे संवाद स्वतःच्या आवाजात वऱ्हाडीत करायचे असतील तर तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं. आपल्याकडच्या कितीतरी बाया 'मी जातो माय' असंच म्हणतात. शाळेतल्या बाई त्याला चूक म्हणत, पण इथं तीच रीत कामाची: 'मी येतो' ऐकून बोलणारा कोण ते ठरत नाही.

व्याकरणाचा हा घोळ आपलाच आहे असं समजू नका. द सिम्स ४ मध्ये २०२२ साली आपलं सर्वनाम निवडायची सोय आली, ती आधी फक्त इंग्रजीत. क्रियापदं-विशेषणं लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या भाषांत ते जड गेलं. आणि सर्वनामाची गडबड तर फार जुनी. सुपर मारिओ ब्रदर्स २ च्या १९८८ सालच्या अमेरिकी पुस्तिकेत बर्डो नावाच्या पात्राबद्दल 'हा स्वतःला मुलगी समजतो' अशा अर्थाचं लिहिलं होतं. थट्टेच्या सुरात.

ज्या पात्राचं लिंग गेममध्येच सांगितलं आहे तिथं मात्र ही कसरत करू नका. 'द लास्ट ऑफ अस भाग २' मधला लेव्ह तेरा वर्षांचा ट्रान्स मुलगा आहे. तो ज्या धार्मिक पंथात वाढला, त्यातल्या म्हाताऱ्याशी त्याचं लग्न ठरवलं, तेव्हा त्यानं डोक्यावरचे केस भादरून टाकले. त्याच्या मागावर आलेले लोक त्याला 'लिली' या जुन्या नावानं हाका मारतात. कॉमेंट्रीत चुकून 'ती लिली' निघालं तर तुम्ही त्या मारेकऱ्यांच्या बाजूनं बोलायला लागता. 'तो' म्हणा, 'लेव्ह' म्हणा.

राहिला ॲलेक्स. स्टारड्यू व्हॅलीत लग्नाला बारा जण आहेत आणि तुमचा शेतकरी बाई असो की माणूस, बाराही जण होकार देऊ शकतात. (शेतीच्या गेममध्ये सोसायटीचं कर्ज नाही आणि कपाशीवर बोंडअळी नाही, हे मला लग्नापेक्षा जास्त अजब वाटते.) 'मी ॲलेक्सशी लग्न केलं' हे वाक्य तर मराठीत दोघांचंही लिंग झाकून ठेवते, केलं ते लग्नाच्या मागं जाते. पुढं लेकरू दत्तक घेता येते, तेव्हा 'आम्ही लेकरू दत्तक घेतलं' म्हणा. आणि ॲलेक्सला 'नवरा' म्हणा. 'पार्टनर' म्हटलं तर पुसदच्या बाजारात लोक विचारतील, दुकान कशाचं आहे?