एफपीजीएत टाकूनही काम हळूच काहून? (उत्तर)

भाऊ, पांढरकवड्याच्या जिनिंगमधलं तुमचं दुखणं वाचलं न् आमचं वरूडचं वर्ष आठवलं. कापसातला कचरा ओळखणारा फिल्टर तुम्ही एफपीजीएत, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं घडवता येणाऱ्या चिपमध्ये टाकला, सिम्युलेशनमध्ये सुसाट, बोर्डवर मात्र साध्या सी कोडपेक्षाही हळू. फिल्टरमध्ये खोट नसावी. वेळ डेटाच्या ने-आणीत जातोय.

आम्ही संत्र्याची प्रतवारी करत होतो. 640 × 480 चं चित्र, म्हणजे 3,07,200 पिक्सेल. रंगबदल, फिल्टर, कडा शोधणं असे तीन ब्लॉक हार्डवेअरमध्ये, पण दर ब्लॉकनंतर चित्र परत प्रोसेसरकडे. तेही रजिस्टरच्या चिमुकल्या कप्प्यातून, एकेक पिक्सेल! दर ब्लॉकला एकदा आत, एकदा बाहेर, अशा सहा फेऱ्या, 18 लाखांवर व्यवहार. आमच्या बोर्डवर एकाला साधारण 0.2 मायक्रोसेकंद लागायचे, म्हणजे 0.37 सेकंद नुसती हमाली. तोवर संत्रं पट्ट्यावरून पुढं गेलेलं.

असं काहून केलं? अनुदान देणाऱ्या एका कार्यालयाला दर महिन्याला ‘किती फंक्शन हार्डवेअरमध्ये गेली’ एवढाच आकडा लागायचा. एकूण वेळेचा रकानाच फॉर्मात नव्हता. साहेबांना दोनदा समजावलं, तर म्हणे फॉर्मात बसेल तेवढंच लिहा. आम्हीही आकडा फुगवत बसलो न् मृग बहार हातचा गेला. जाऊ द्या.

शेवटी तिन्ही ब्लॉक स्ट्रीमनं एकमेकांना जोडले, एकातून निघालेला डेटा थेट दुसऱ्यात. चित्र डीएमएनं (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून डेटा हलवणारं सर्किट) एकदाच आत, बाहेर फक्त दर संत्र्याचा व्यास न् रंग, पाच-सात बाइट. चित्र साठवायला मेमरीत दोन बफर ठेवले, एक भरतोय तोवर दुसऱ्यावर काम. ‘काम झालं’ म्हणून प्रोसेसरला हटकणारा इंटरप्ट दर ओळीला नको, दर चित्राला एकच. माझं मत विचाराल तर हार्डवेअर-सॉफ्टवेअरची वाटणी डेटा सगळ्यात कमी असेल तिथंच करावी, गणित कितीही जड असो. तुमच्या कामाला हे तंतोतंत लागू होईलच असं नाही.

तुमची चिप झिंक-7000 (प्रोसेसर न् एफपीजीए एकत्र असलेली) असेल तर एक सांगतो. एफपीजीएला मेमरीशी जोडणारे तिचे एचपी पोर्ट कॅशकडे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या डेटाच्या तात्पुरत्या प्रतीकडे, बघत नाहीत. पाठवण्याआधी फ्लश (कॅशमधलं मेमरीत उतरवणं), आल्यावर इनव्हॅलिडेट (कॅशमधली जुनी प्रत बाद करणं) केलं नाही तर मागचंच चित्र दिसत राहील. आम्ही दोन दिवस कॅमेऱ्याला शिव्या घातल्या होत्या. एसीपी नावाचा दुसरा पोर्ट हे सांभाळतो, पण मोठ्या चित्रांना मी एचपीच वापरतो.

आणि हो, लोडशेडिंग. एसडी कार्डावरची रूट फाइलसिस्टिम (बोर्डची मुख्य सिस्टिम) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी ठेवा, अचानक वीज जाऊन माझी दोन एसडी कार्डं गेली.

आता काही बदलण्याआधी फिल्टर काढून टाका, नुसता डेटा आत-बाहेर फिरवा न् वेळ मोजा. तो आकडा इथं टाका, मग पुढचं बोलू.