व्हिडिओ बघताना कळतं, नंतर आठवत नाही

नोकरी सांभाळून ऑनलाइन प्रशिक्षण घेणाऱ्यांकडून एक तक्रार मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचे शब्दही पाठ झालेत. "चालू असताना सगळं कळतं हो. दुसऱ्या दिवशी विचाराल तर पाटी कोरी. वय झालं, आता डोकं चालत नाही." असं म्हणणारे कधी पन्नाशीच्या पुढचे असतात, कधी पस्तिशीचे. पस्तिशीचा माणूस 'वय झालं' म्हणतो तेव्हा हसू येतं, पण त्याची भीती खोटी नसते.

आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या टेक्निशियन. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे ताई म्हणते; समोर असतानाही तेच म्हणत होते. वय ४७, हातात वीसेक वर्षांचा अनुभव. लॅबला मानांकन टिकवायचं होतं आणि त्यासाठी सगळ्या कर्मचाऱ्यांनी गुणवत्ता नियंत्रणाचा ऑनलाइन कोर्स करून परीक्षा द्यायची होती. ताई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. त्यांनीच ज्यांना काम शिकवलं ती पोरं पास झाली. या घावानंतर ताईंनी आणखी तीन कोर्सना नाव नोंदवलं आणि तिन्ही अर्धवट सोडले.

"मॅडम, या विसरण्यावर काही उपाय असेल तर सांगा. नाहीतर मी साहेबांना सांगते, मला कलेक्शनला बसवा. रक्त काढायला काही आठवावं लागत नाही."

'तसं काही नसतं, तुम्हाला जमेल' हे वाक्य अशा वेळी ओठांवर येतं. ते मी सहसा गिळते, कारण समोरच्याने ते घरच्यांकडून आधीच ऐकलेलं असतं आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. आधी विसरणं नेमकं कुठे होतं ते पाहिलं. कामात चुका होतात का? सँपलची अदलाबदल? माणसांची नावं, रोजचे रस्ते, ठेवलेल्या वस्तू? काहीच नाही. उलट कुठल्या मशीनला कुठल्या महिन्यात काय झालं होतं हे त्या तोंडपाठ सांगत होत्या. रोजच्या व्यवहारातही विसरायला होत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर अभ्यासाच्या युक्त्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप यांतल्या कशामुळेही स्मरणशक्ती मंदावते. मी हे बोलायला सुरुवात केली तर ताई म्हणाल्या, "थायरॉइड, बी-१२ आमच्याच लॅबमध्ये लावून झालं. दोन्ही नॉर्मल." लॅबवाल्यांना समुपदेशन करण्याचा हा एक फायदा.

मग विचारलं, अभ्यास करता कसा? तो कसा व्हायचा हे ऐकण्यासारखं आहे. नाइट ड्युटी संपवून घरी आलं की आडवं पडून मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, वेग दीडपट. शेवटी चार-पाच प्रश्न येतात, ते लगेच सोडवायचे. चुकला तर पर्याय बदलून पुन्हा टिचकी. हिरवी खूण आली की पुढचं मॉड्यूल. ड्युटीच्या दिवसांत राहून गेलेलं सुट्टीच्या दिवशी चार-चार तास बसून भरून काढायचं. आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. ताईंना चाळिशी लागली होती, पण चष्मा केलेला नव्हता. मायक्रोस्कोपवर अडत नव्हतं, तिथे फोकस फिरवता येतो. मोबाइलवरच्या स्लाइडमधली बारीक अक्षरं मात्र त्या वाचतच नव्हत्या. आवाज ऐकायचा आणि चित्राकडे अंदाजाने बघायचं. चष्मा करायला सांगितलं. समुपदेशकाने चष्मा करायला लावणं काहींना किरकोळ वाटेल. माझ्या मते पुढच्या सगळ्या चर्चेपेक्षा ते आधी यायला हवं.

पण गाठ सुटली ती दुसऱ्या एका प्रश्नाने. मी म्हटलं, "काल पाहिलेल्या व्हिडिओत काय होतं?" ताई गप्प. चेहरा उतरला. "बघा ना, काही नाही आठवत." मग मी विचारलं, "बरं, काल ड्युटीवर कंट्रोल कसे आले?"

इथे थोडं सांगायला हवं. लॅबमध्ये रुग्णांची सँपल लावायच्या आधी मशीनवर 'कंट्रोल' लावतात. म्हणजे ज्याचं उत्तर साधारण किती यायला हवं हे आधीच ठाऊक आहे असा द्रव. येणारं उत्तर रोज आलेखावर मांडतात. त्याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात. वैद्यकीय लॅबमध्ये तो १९५० पासूनचा. उत्तर सरासरीपासून किती ढळलं हे 'एसडी'त, म्हणजे प्रमाण विचलनात, मोजतात. किती ढळलं की काय करायचं याचे नियम जेम्स वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडले. हे सगळं मला ताईंनीच सांगितलं. त्याआधी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच बरं झालं. मला समजावायचं म्हणून त्या कागद ओढून आलेख काढायला लागल्या.

"एकच कंट्रोल दोन एसडीच्या बाहेर गेला म्हणून लगेच तपासण्यांचा तो सगळा रन रद्द करायचा नसतो. वीसात एखादा तसा जातोच, मशीन चांगलं असलं तरी. पण लागोपाठ दोन एकाच बाजूला गेले की थांबायचं. आणि दहा रीडिंग सरासरीच्या एकाच अंगाला यायला लागली ना, मग काहीतरी सरकलंय. आमच्याकडे रीएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, लॉट बदलला होता तेव्हा अगदी असंच झालं होतं."

"हे कोर्समध्ये आहे?"

"हो, तिसऱ्या मॉड्यूलमध्ये. त्याला सिस्टिमॅटिक एरर..." आणि त्या थांबल्या.

परीक्षेत जो प्रश्न चुकला होता त्याचं उत्तर त्या मला दहा मिनिटं समजावत होत्या. डोक्यात नव्हतं असं नव्हतं. डोक्यातून बाहेर काढायची वेळ त्यांच्यावर कुणी आणलीच नव्हती. व्हिडिओ बघताना पुढचं वाक्य वक्ताच पुरवतो, त्यामुळे आपल्यालाही ते येत होतं असं वाटतं. परीक्षेत वक्ता नसतो.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. व्हिडिओखालचे प्रश्न लगेच सोडवले की आपण त्या पहिल्या पाच मिनिटांतलंच यश मोजत असतो. कोर्स बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असायला हवं, पण हिरवी खूण पटापट मिळाली की शिकणारा खूश, कंपनीचा अहवाल खूश.

तर ठरलं ते असं. मॉड्यूल लावायच्या आधी नुसतं शीर्षक वाचायचं आणि 'याबद्दल मला लॅबमधलं काय माहीत आहे' ते दोन ओळींत लिहायचं. मग व्हिडिओ, साध्या वेगाने. सात-आठ मिनिटांनी थांबवायचा, फोन पालथा ठेवायचा, आठवेल ते कोऱ्या कागदावर. दुसऱ्या दिवशी नवं काही लावण्यापूर्वी कालचं पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि मगच उघडून ताडून बघायचं. शेवटचे प्रश्न त्याच दिवशी सोडवायचे नाहीत, दोन-तीन दिवसांनी. नाइट करून आल्यावर अभ्यास बंद, आधी झोप. शिकलेलं पक्कं होण्याच्या कामात झोपेचा मोठा वाटा असतो, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला नवीन काही शिकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. 'वेळ मिळाला की' हे शब्द आम्ही खोडले. त्या जागी लिहिलं: दुपारच्या ड्युटीच्या दिवशी, निघण्याच्या तासभर आधी, टेबलाशी बसून. कधी आणि कुठे हे आधी ठरलेलं असलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं या विषयावरचं काम बरंच गाजलेलं आहे.

ताई पुढच्या भेटीला आल्या त्या चिडून. "मॅडम, आधी दिवसाला तीन मॉड्यूल व्हायची. आता एक धड होत नाही. आणि कागदावर लिहायला बसलं की आपल्याला किती येत नाही तेच दिसतं."

या टप्प्यावर बरेच जण पद्धत सोडतात, म्हणून मी त्यांना टपाल कर्मचाऱ्यांची हकिकत सांगितली. ब्रिटनच्या टपाल खात्यात पोस्टकोडच्या यंत्रांसाठी कर्मचाऱ्यांना कीबोर्डवर टंकन शिकवायचं होतं. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे गट केले आणि निष्कर्ष १९७८ मध्ये छापले. एका गटाला रोज एक तास सराव, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज चार तास. रोज तासभर बसणाऱ्यांनी साधारण ५५ तासांत जेवढं कमावलं, तेवढ्यासाठी चार तासवाल्यांना ८० तास लागले. पण कोणता गट समाधानी होता? चार तासवाला. त्यांना आपण झपाट्याने पुढे चाललो आहोत असं वाटत होतं, कारण दिवसांच्या हिशोबात ते खरोखर पुढे होते. तासवाले सगळ्यांत चांगलं शिकत होते आणि सगळ्यांत नाराज होते.

ताई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी नाराज आहे हे बरं लक्षण?" तसं नाही म्हटलं. नाराजीवरून काहीच ठरत नाही, एवढंच. मापायचं असेल तर आठवड्यापूर्वीचा कागद काढून आज किती आठवतं ते मापा.

वयाबद्दल त्यांनी थेट विचारलं, मीही थेट उत्तर दिलं. नवी माहिती झरझर हाताळण्याचा वेग वयानुसार कमी होत जातो, हे खरं आहे. पण साठलेलं ज्ञान आणि अनुभवातून आलेली समज बराच काळ टिकते, काही बाबतीत वाढतेही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीच्या या दोन बाजू वेगळ्या केल्या त्याला बरीच दशकं झाली. दीडपट वेग म्हणजे जी बाजू पोरांची भक्कम, तिच्यावर पैज लावणं. शीर्षक वाचून आधी स्वतःचं लिहिणं म्हणजे आपली बाजू पुढे करणं. ताईंकडे वीस वर्षांचे आलेख होते, पोरांकडे नव्हते.

अर्धवट राहिलेल्या तीन कोर्सचं काय, हा विषय मी फार ताणला नाही. दोन आम्ही तिथल्या तिथे बंद केले. ते त्यांना हवे नव्हते. नापास झाल्याची लाज झाकायला घेतलेले होते. अर्धवट कोर्सची लाज फार जणांना खाते, म्हणून एक आकडा सांगते. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पुरा करणारे होते ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांतही निम्म्याहून कमीच, ४६ टक्के. तेव्हा कोर्स सुटणं हा काही तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. ते बहुतेकांचं होतं.

सगळ्यांत अवघड गेलं ते साहेबांशी बोलणं. ताई म्हणायच्या, "वेळ मागितला तर म्हणतील, बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच का नाही?" मला इथे मालकांच्या बाजूने फारसं बोलवत नाही. संस्थेला मानांकन हवं, त्यासाठी प्रशिक्षण हवं, आणि ते कर्मचाऱ्याने झोपेतून काढलेल्या वेळात करायचं, हा हिशोब सरळ नाही. पण साहेबांपुढे हे भाषण चाललं नसतं. आम्ही खोलीत सराव केला. 'मला जमत नाही' हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी नेमकी मागणी: आठवड्यातून दोनदा, सँपलची गर्दी ओसरल्यावर, पाऊण तास रोस्टरवर लिहून, बदल्यात मी एक आलेख सगळ्यांना समजावून सांगेन. तोंडी मिळालेला वेळ पहिल्या गर्दीच्या दिवशी जातो, रोस्टरवरचा जरा तग धरतो. साहेबांनी दोनदाचं एकदा केलं. ताईंना ते अपमानाचं वाटलं. मला ते ठीक वाटलं, कारण आलेख समजावण्याची गोष्ट त्यांनी लगेच उचलून धरली होती.

परिणाम असा झाला की शिफ्ट बदलताना ताई पोरांना कंट्रोलचा चार्ट समजावू लागल्या. पास झालेल्यांपैकी दोघांना दहा रीडिंगचा नियम सांगता येईना. ताईंनी ही बातमी मला ज्या आनंदाने दिली त्यात थोडा खवचटपणा होता, आणि तो मी त्यांना मनापासून माफ केला.

दुसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या. चुकलेले प्रश्न बहुतेक आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या मानकातल्या कलमांचे क्रमांक विचारणारे होते. ते क्रमांक पाठ करू का, असं त्यांनी परीक्षेआधी विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं; मानकाची प्रत त्यांच्या टेबलाच्या खणात असते. तिसरा कोर्स, मशीनच्या नव्या सॉफ्टवेअरचा, त्यांनी ठेवला आहे आणि तो रखडत चालला आहे. कलेक्शनला बसण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.