परवाने सगळे वैध, तरी झोप का नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक बारकडे परवाना आहे, तपासणीत कुणीच दोषी सापडत नाही. मग पहाटेपर्यंत झोप का लागत नाही?

उत्तर : कारण परवाना एकेका जागेला मिळतो आणि त्रास सगळ्यांचा मिळून होतो. आतलं संगीत भिंतींनी अडवता येतं. पण सगळे बार एकाच वेळी बंद झाले, की शेकडो माणसं एकदम रस्त्यावर येतात. मग टॅक्सीसाठी ताटकळणं, हॉर्न, आरडाओरडा, एखादी मारामारी. हे कुणाच्याच परवान्यात लिहिलेलं नसतं. इंग्लंडमध्ये २०१८पासून यासाठी कायद्याचा आधार आहे. एखाद्या भागात परवान्यांची गर्दी झाली आहे, हे स्थानिक प्रशासन पुराव्यानिशी जाहीर करू शकतं. त्यानंतर आक्षेप आला, तर नवा परवाना नाकारणं सोपं जातं. तेव्हा तक्रार एका बारविरुद्ध करू नका. बंद होण्याच्या वेळेपासून पुढचे दोन तास रस्त्यावर काय चालतं, याची नोंद ठेवा आणि संपूर्ण रस्त्याबद्दल तक्रार करा.

प्रश्न : मीटर म्हणतो आवाज मर्यादेत आहे. उशीत मात्र धडधड ऐकू येते.

उत्तर : मीटर खोटा नाही, पण तो बहुधा ‘ए-वेटिंग’वर, म्हणजे खोल आवाज कमी धरणाऱ्या मोजणीवर, लावलेला असतो. त्यात ६३ हर्ट्झच्या खोल ठोक्यातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात, आणि भिंतीतून सहज आत येतो तो नेमका हाच आवाज. खोल आवाजही जवळपास पूर्ण धरणाऱ्या ‘सी-वेटिंग’ने किंवा वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार मोजणी मागा.

प्रश्न : ‘बार आधीपासून होते, तुम्ही नंतर आलात’, असं आम्हाला ऐकवलं जातं.

उत्तर : हे अर्धंच खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने २०१४मध्ये आणि इंग्लंडने २०१८मध्ये नगरनियोजनात हे तत्त्व आणलं, की बदल जो घडवतो त्याने आवाजाचा बंदोबस्त करावा. जुन्या क्लबशेजारी फ्लॅट बांधले, तर जाड काचांचा खर्च बिल्डरचा. जुन्या घरांखाली बार आला, तर खर्च बारचा. ज्याने फ्लॅट फक्त भाड्याने घेतला, त्याला दटावण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : बार लवकर बंद केले तर?

उत्तर : फरक पडतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये २००८ साली मध्यवस्तीतल्या पबची पहाटे ५ची वेळ ३वर आणली, पुढे ती ३.३० झाली. रात्रीचे हल्ले साधारण एक तृतीयांशाने घटले. सिडनीत २०१४मध्ये असेच निर्बंध आले. किंग्ज क्रॉस या तिथल्या बार-क्लबच्या भागातले हल्ले कमी झाले, पण पुढे जवळच्या काही भागांत ते वाढले. व्यवसाय बुडाल्याची ओरडही मोठी झाली. शेवटी ‘लॉकआउट’, म्हणजे ठरावीक वेळेनंतर नव्या गिऱ्हाइकाला आत न घेण्याचा नियम, २०२० आणि २०२१मध्ये टप्प्याटप्प्याने उठवला गेला. माझं मत विचाराल तर वेळ आवरा, पण त्याच वेळी रात्रीची बस सुरू ठेवा. घरी जायची सोय नसलेली गर्दी तिथेच रेंगाळते.

प्रश्न : माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मालक आता बारच्या हिशेबाने भाडं मागतोय.

उत्तर : रात्रीचा धंदा चौरस फुटामागे जास्त भाडं देऊ शकतो, म्हणून दिवसाची दुकानं एकेक करून उठतात. दुपारी अर्ध्या रस्त्याची शटर खाली दिसली, तर बदल बराच पुढे गेला आहे असं समजा. तोवर थांबू नका. एका रस्त्यावर किती जागांचा वापर बदलू द्यायचा, याची मर्यादा नियोजन आराखड्यात घाला, अशी हरकत आत्ताच नोंदवा.