नायिकेच्या सात शक्ती आधी कमी कर

भाऊ, तुझ्या जादूच्या गोष्टीची सुरुवात वाचली. सातपुड्यातल्या तोरणमाळची, वाऱ्याशी बोलणारी मुलगी ही कल्पना झकास आहे. पण पहिल्या दोन पानांतच सात शक्ती, तीन शस्त्रं अन् एक शाप? भरतात मिरचीच जास्त झाली, वांगं कुठंय?

सध्या एवढंच कर:

- तिला काय हवंय ते एका वाक्यात लिही. जमत नसेल तर पात्र अजून कच्चं आहे.
- शक्ती एकच ठेव आणि तिची किंमत ठरव. समज, वाऱ्याशी बोलली की तासभर तिचा स्वतःचा आवाज जातो.
- तिला सारंगखेड्याच्या यात्रेत ने. दत्तजयंती, तापीकाठ, घोड्यांचा बाजार. खिशात पैसे कमी असताना ती सौदा कसा करते, यातून जो स्वभाव कळेल तो पानभर वर्णनातून कळणार नाही.

मग तिघांना वाचायला दे. त्यात एक जण जादूच्या गोष्टी न आवडणारा हवाच. 'कसं वाटलं?' विचारलंस की 'छान' एवढंच उत्तर येतं. 'कुठं कंटाळलास?' असं विचार. दोघं एकाच जागी अडखळले तर ती जागा बिघडलेली आहे. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही. मी पहिल्यांदा सगळ्यांचं ऐकलं आणि माझा सातपुड्यातला गुराखी शेवटी राजपुत्र होऊन बसला! आणि ऐकताना मधेच खुलासा करू नको, फक्त लिहून घे.

गोष्टीसाठी वंशावळ, नकाशे, नवी लिपी रचणं आत्ता नको. यात्रेचा प्रसंग लिहून झाला की पाठव.