‘पॅलिएटिव्ह’ म्हणजे आशा सोडणे नव्हे

प्रश्न : माझ्या आईला स्तनाचा कर्करोग असून बांबोळीच्या रुग्णालयात तिच्या केमोथेरपीचे दोन डोस झाले आहेत. तोंड आल्यामुळे तिला पेजही गिळवत नाही. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटायला सांगितले, तेव्हा शेजारी म्हणाले, ‘‘म्हणजे आता लोटलीलाच न्यावे लागणार.’’ हे ऐकल्यापासून आई फारशी बोलत नाही. तसेच आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. आधी आईंना हे सांगा, मग पुढचे वाचा. लोटलीचे शांती आवेदना सदन कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते आणि ते काम फार मोलाचे आहे. परंतु तो पॅलिएटिव्ह केअर या शाखेचा केवळ एक भाग झाला. वेदना, मळमळ, निद्रानाश, मनाची घालमेल यांवर इलाज करणारी ही सेवा मूळ उपचारांबरोबरच सुरू व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले आणि ते जगलेही अधिक काळ.

आता तोंडाविषयी. केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते आणि तोंडाचे अस्तर अशाच पेशींचे असल्यामुळे ते सोलवटते. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला लावा. चुळेचे हे पाणी गिळू देऊ नका. पेज गार करून, मऊ घोटून द्या. सोबत लोणचे नको आणि आवडत असली तरी सध्या सोलकढीही नको, कारण आंबट चरचरते. एवढ्याने भागले नाही, तर बधिरता आणणारे औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. ‘केमो म्हटल्यावर एवढे सोसायचेच’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर ते मुळीच ऐकू नका.

एका बाबतीत मात्र जराही दिरंगाई नको. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर घरच्या घरी तापाची गोळी देऊन वाट न पाहता, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे जाताना आईंना सोबत न्या आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.